निकाह कबूल, व्हिसा बाकी

लग्नसराईत रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांपासून मुंब्रा, कुर्ला, भिवंडीपर्यंत हल्ली एक वाक्य सर्रास कानावर पडते: 'निकाह झालाय, रुखसती व्हिसा आल्यावर.' पूर्वी रुखसतीची तारीख दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसून ठरवत. मुलगा परदेशात असेल तर आता ती तारीख एखाद्या दूरच्या कार्यालयातला अधिकारी ठरवतो. त्याने मुलगी पाहिलेली नसते, मुलगा पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर असतात फक्त पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स आणि लग्नाचा दाखला.

ब्रिटनमध्ये गेल्या दोन वर्षांत पती-पत्नीच्या व्हिसावरून बरीच राजकीय रस्सीखेच झाली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती बातमी कोपऱ्यात आली आणि गेली. पण ज्या घरांतल्या मुलींचे निकाह 'लंडनच्या' स्थळाशी होतात (मुलगा बर्मिंगहॅमला असो की ब्लॅकबर्नला, आपल्याकडे तो 'लंडनचाच' असतो) त्या घरांसाठी ती पहिल्या पानाची बातमी होती. म्हणून हा विषय सविस्तर मांडावा असे आम्हाला वाटले.

आकड्यांचा खेळ

ब्रिटिश नागरिकाला किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या माणसाला परदेशातून बायको किंवा नवरा आणायचा असेल, तर त्याची स्वतःची ठराविक कमाई दाखवावी लागते. ही अट जुलै २०१२ मध्ये आली. तेव्हा थेरेसा मे गृहमंत्री होत्या आणि रक्कम होती वर्षाला १८,६०० पौंड. मुले सोबत आणायची तर आणखी वेगळी. जवळजवळ बारा वर्षे हा आकडा तसाच राहिला. ११ एप्रिल २०२४ रोजी ऋषी सुनक यांच्या सरकारने तो एका फटक्यात २९,००० पौंड केला. पुढे टप्प्याटप्प्याने ३८,७०० पर्यंत नेण्याचा इरादाही जाहीर झाला होता. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले, त्याने पुढची वाढ थांबवली आणि मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटीला फेरविचार करायला सांगितले. जून २०२५ मध्ये समितीचा अहवाल आला. त्यात वेगवेगळे पर्याय होते, त्यातला एक २३,००० ते २५,००० पौंडांचा होता. ३८,७०० चा आकडा कुशल कामगारांच्या व्हिसासाठी ठरवलेला आहे, तो कुटुंबाला लावू नये, असेही समितीने स्पष्ट सांगितले. पण समिती सल्ला देते, नियम सरकार करते. या अहवालानंतरही २९,००० चीच अट लागू राहिली.

२९,००० पौंड म्हणजे आपले तीस लाखांच्या वर. ऐकायला वाटते, 'लंडनला एवढे तर कुणीही कमवतो.' हिशेब करून बघू. एप्रिल २०२५ च्या दराने तिथले किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा नाही असे धरले तरी बेरीज २५,४०० पौंडांच्या आसपास जाते. म्हणजे गोदामात, दुकानात, हॉटेलच्या किचनमध्ये किमान वेतनावर पूर्ण वेळ राबणारा मुलगा कायद्याने ठरवलेली मजुरी घेऊनही त्या दराने आपली बायको आणायला ३,६०० पौंडांनी कमी पडत होता. अट पुरी करायला त्याला आठवड्याला ४६ तास, वर्षभर काम हवे होते. एकच सरकार एका कायद्यात सांगते, 'एवढ्या मजुरीत माणूस जगू शकतो,' आणि दुसऱ्यात सांगते, 'एवढ्या मजुरीत तू संसार करू शकत नाहीस.' या धोरणावरचा आमचा पहिला आक्षेप हा आहे.

दुसरा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर. मुलगी परदेशातून अर्ज करते तेव्हा तिची इथली कमाई हिशेबात धरत नाहीत. ती इथे नर्स असेल, फार्मासिस्ट असेल, तिथे गेल्यावर नवऱ्यापेक्षा जास्त कमावणार असेल, तरी उपयोग नाही. सासऱ्याने 'मी खर्च उचलतो' असे लिहून दिले तरी साधारणपणे ते चालत नाही. कमाई कमी पडत असेल तर बचतीचा पर्याय आहे. पण निव्वळ बचतीवर अट पुरी करायची तर ८८,५०० पौंड, तेही सहा महिने स्वतःच्या ताब्यात असलेले. ज्याच्याकडे एवढी रोकड आहे त्याला पगाराची चिंता कशाला असेल?

२०१७ मध्ये हे प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात गेले. कमाईची अट घालणे तत्त्वतः बेकायदा नाही, असे कोर्टाने म्हटले. पण मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर भरवशाच्या मार्गांचा विचार न केल्याबद्दल सरकारला फटकारले. त्यानंतर अपवाद म्हणून काही सवलती आल्या. सर्वसाधारण अर्जदाराची वाट मात्र तीच राहिली. तिथे अशा घरांना 'स्काइप फॅमिली' म्हणतात: बाप एका देशात, आई दुसऱ्या देशात, आणि मूल मोबाइलच्या पडद्यावर बापाला ओळखणारे.

हा संशय जुना आहे

परदेशातून येणाऱ्या बायकोकडे संशयाने बघण्याची ही काही पहिली वेळ नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, होणाऱ्या नवऱ्याकडे आलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य चाचणी' केली गेली. ती खरोखर अविवाहित आहे की नाही हे बघण्यासाठी! बातमी फुटली, भारतातही संताप उसळला आणि तो प्रकार बंद करावा लागला. १९८५ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनला आणखी एका बाबतीत दोषी धरले. तिथे राहणारे पुरुष परदेशातून बायको आणू शकत, पण बायकांना नवरा आणणे नियमांनी अवघड केले होते. पुढे 'हे लग्न ब्रिटनमध्ये घुसण्यासाठीच केलेले नाही' हे अर्जदारानेच सिद्ध करायचे, असा नियम होता. तो १९९७ मध्ये गेला. मग २०१२ मध्ये पैशाची अट आली. दर काही वर्षांनी चाळणी बदलते, आणि चाळले जातात ते बहुतेक आपल्यासारखेच, दक्षिण आशियातले, कमी पगारावर काम करणारे लोक.

हे सगळे खरे आहे. पण सगळा दोष लंडनच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्यांचे नियम आपल्या हातात नाहीत, आपले रिश्ते आपल्या हातात आहेत.

आपण काय विचारतो आणि काय नाही

स्थळ आले की आपण काय विचारतो? खानदान, गाव, नमाजी आहे का, घर स्वतःचे की भाड्याचे, बहिणी किती. हे विचारायलाच हवे. पण 'मुलगा तिकडे कोणत्या व्हिसावर आहे?' हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. सासरच्यांना वाटेल संशय घेतात! आणि नेमक्या याच प्रश्नावर मुलीची पुढची काही वर्षे अवलंबून असतात. कारण 'लंडनला असतो' यात चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिला मुलगा ब्रिटिश नागरिक किंवा कायम वास्तव्यवाला. त्याच्यासाठी वर सांगितलेला स्पाउस व्हिसा. दुसरा कुशल कामगाराच्या व्हिसावर गेलेला. त्याची बायको 'डिपेंडंट' म्हणून जाते, तिचा मार्ग वेगळा. शिवाय २२ जुलै २०२५ नंतर पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या कामावर नव्याने गेलेल्यांना बहुतेक करून कुटुंब नेता येत नाही. तिसरा केअर वर्कर, म्हणजे वृद्धांची-आजाऱ्यांची सेवा करण्याच्या कामावर गेलेला. ११ मार्च २०२४ पासून या कामावर नव्याने जाणाऱ्यांना बायको-मुले नेण्याची परवानगी नाही. चौथा विद्यार्थी. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या साध्या एमए, एमएस्सी, एमबीएसारख्या अभ्यासक्रमांवर कुटुंब नेता येत नाही. संशोधनाच्या अभ्यासक्रमांना आणि सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांना तेवढी मुभा आहे.

म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारच्या मुलाशी आज निकाह लावला आणि 'सहा महिन्यांत नेतो' असे त्याच्या घरच्यांनी सांगितले, तर ते आश्वासन देणाऱ्याच्या हातातच नाही. मुलगा खोटारडा असेलच असे नाही. कित्येकदा त्यालाही नियम माहीत नसतो. पण वाट बघायची वेळ त्याच्यावर येत नाही, ती मुलीवर येते. तिची नोकरी सुटलेली असते, बीएडचा नाहीतर एमएचा प्रवेश तिने घेतलेला नसतो, कारण 'आता जायचंच आहे ना.' माहेरात ती पाहुणी आणि सासरी ती अजून आलेलीच नाही.

कागद आणि करार

निकाह हा करार आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग कराराचे कागद एवढे ढिले का ठेवतो?

पहिली गोष्ट, निकाह कुठे होतो. भारतात रीतसर झालेला निकाह इथल्या कायद्याने वैध विवाह आहे, आणि म्हणून ब्रिटनही तो मानते. पण इंग्लंडात घरी, हॉलमध्ये, हॉटेलात नुसता निकाह पढवला आणि तिथल्या कायद्याप्रमाणे नोंदणी केली नाही, तर तो त्यांच्या कायद्याने विवाहच नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने अशाच एका प्रकरणात हे स्पष्ट केले. त्यामुळे 'व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे निकाह करा, मग बघू' हा एजंटचा सल्ला दुहेरी धोक्याचा आहे. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला तिथल्या तिथे स्पाउस व्हिसाकडे वळता येत नाही.

दुसरी गोष्ट, भेट. व्हिडिओ कॉलवरच्या निकाहाबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत, त्यात आम्ही पडत नाही. व्हिसाचा नियम मात्र साफ आहे: दोघे एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत आणि दोघांचेही वय १८ पूर्ण हवे. एका बायकोला तिथे आणलेले असेल तर दुसरीला स्पाउस व्हिसा मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

तिसरी गोष्ट, नोंदणी. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितले. महाराष्ट्रात त्याआधीच १९९८ चा विवाह नोंदणी कायदा होता. शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, गावात ग्रामपंचायतीत हे काम होते. तरी आपल्याकडे काझी साहेबांचा निकाहनामा मिळाला की काम झाले असे समजतात. निकाहनामा आपल्या जागी आहेच, पण नोंदणीचा दाखला सोबत असेल तर प्रश्न कमी येतात. आणि निकाहनामा उर्दूत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि भाषांतर अचूक असल्याची हमी लागते.

चौथी गोष्ट, नावे. शाळेत काम करताना आम्हाला हे रोज दिसते. दाखल्यावर 'शेख रुख्साना अ. रहेमान', आधारवर 'रुक्साना शेख', पासपोर्टवर 'रुखसाना अब्दुल रहमान', आणि निकाहनाम्यात चौथेच स्पेलिंग. आपल्यासाठी ती एकच मुलगी आहे, तिथल्या अधिकाऱ्यासाठी चार. पालक दाखला दुरुस्तीला येतात ते अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात. हे काम मुलगी दहावीला असतानाच उरकले पाहिजे.

भाषेच्या परीक्षेला मात्र घाबरायचे कारण नाही. पहिल्या अर्जासाठी ए-वन ही सर्वांत खालची पातळी पुरते आणि त्यात फक्त ऐकणे-बोलणे तपासतात. मराठी किंवा उर्दू माध्यमाची मुलगी दोन-तीन महिने नीट सराव करून ती सहज पास होऊ शकते. पण हा उंबरठा आहे, मुक्काम नाही. अडीच वर्षांनंतरच्या मुदतवाढीला ए-टू आणि कायम वास्तव्याला बी-वन पातळी मागतात. आणि परीक्षेपलीकडे, परक्या देशात डॉक्टरशी, पोलिसाशी, मुलाच्या शिक्षकाशी स्वतः बोलता येणे हेच मुलीचे खरे संरक्षण आहे.

खर्चाचाही अंदाज घ्या. एप्रिल २०२५ च्या दराने पहिल्या अर्जाची फी १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. टीबीची तपासणी, परीक्षा, भाषांतर वेगळे. हा व्हिसा दोन वर्षे नऊ महिन्यांचा. मग मुदतवाढ, मग पाच वर्षांनी कायम वास्तव्य. सगळ्या टप्प्यांची फी आणि अधिभार मिळून हिशेब सुमारे १२,००० पौंडांवर जातो. हा पैसा कुणी भरायचा? बऱ्याच घरांत हा प्रश्न निकाहानंतर निघतो आणि मुलीच्या बापाच्या गळ्यात पडतो. जहेज नको म्हणणाऱ्यांनी व्हिसाच्या नावाखाली मागच्या दाराने ते घेऊ नये, एवढेच आम्ही म्हणू.

एजंटबद्दलही एक इशारा. खोटी पगार स्लिप, तात्पुरते खात्यात फिरवलेले पैसे असले 'जुगाड' पकडले गेले तर अर्ज तर जातोच, वर फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी येऊ शकते. ब्रिटनमध्ये सल्ला देणारा एक तर वकील असला पाहिजे किंवा तिथल्या इमिग्रेशन ॲडव्हाइस ॲथॉरिटीकडे नोंदलेला. नियम सारखे बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचे नियम स्वतः वाचून घ्यावेत. आणि प्रामाणिक अर्ज नाकारला गेला तर अपिलाचा मार्ग सहसा असतो. भारतातून अर्ज केलेल्यांना त्यासाठी २८ दिवस मिळतात. रडत बसण्यात ते घालवू नयेत.

आखातात वेगळे, पण तेच

हा प्रश्न फक्त ब्रिटनचा नाही. आपली बहुसंख्य मुले आखातात आहेत. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब नेण्यासाठी ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायची सोय लागते. सौदीत परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ४०० रियाल भरावे लागतात, म्हणून कित्येकांनी बायका-मुलांना परत गावी पाठवले. फरक एवढाच की तिथे पाच वर्षांनी कायम वास्तव्य मिळत नाही. नवऱ्याची नोकरी गेली की बायकोचा मुक्कामही संपला. ब्रिटन असो की सौदी, बायकोचा कागद नवऱ्याच्या कागदाला टाचलेला असतो.

टाचणी निघाली तर?

आणि खरी जोखीम इथेच आहे. नवरा चांगला असेल तर हे टाचलेपण जाणवतही नाही. तो वाईट निघाला तर पहिली धमकी हीच असते: 'व्हिसा कॅन्सल करतो.' ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या वर्षांत बायकोला सरकारी मदतीवर हक्क नसतो. पण छळ झाला तर नवऱ्याशिवाय, स्वतःच्या नावावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची तरतूद आहे. अर्ज करेपर्यंत तीन महिन्यांचा तात्पुरता आधारही मिळू शकतो. सुट्टीच्या बहाण्याने बायकोला भारतात आणून, पासपोर्ट काढून घेऊन सोडून जाण्याचे प्रकार होतात. अशा बायकांसाठीही २०२४ पासून बाहेरून अर्जाचा मार्ग खुला झाला आहे. प्रत्येक मुलीला निघण्यापूर्वी हे माहीत असले पाहिजे, आणि पासपोर्टची एक प्रत माहेरी असली पाहिजे.

इथेही वाटा आहेत. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे, परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' पोर्टल आहे. व्हॉट्सॲपवर तीनदा तलाक लिहून पाठवला तर २०१९ च्या कायद्याने तो बाद आहे आणि गुन्हाही आहे. नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही, किंवा चार वर्षे त्याचा पत्ताच नाही, तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली बायको कोर्टातून सुटका मागू शकते. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, ते कायदा झाले नाही. विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. आपल्या संघटनांनी या कायद्याचा आग्रह धरायला हवा, कारण त्याची गरज आपल्या मुलींनाही तेवढीच आहे.

पण कायद्याची वाट बघायची गरज नाही असे एक साधन आपल्याकडे आधीपासून आहे: निकाहनामा. त्यात वाजवी अटी लिहिता येतात. व्हिसाचा खर्च कोण करणार, मुलगी इथे थांबेल तोवर दरमहा खर्च किती देणार, किती मुदतीत नेण्याचा प्रयत्न होणार, तोवर तिचे शिक्षण आणि नोकरी चालू राहणार, मेहर किती आणि त्यातली किती रक्कम लगेच द्यायची. काझी साहेबांनी आणि जमातीने ठरवले तर परदेशी स्थळांसाठी अशा अटींचा एक साधा मसुदा तयार होऊ शकतो. बोलणीच्या बैठकीत मुलाने आपला व्हिसा आणि पगार दाखवावा, मुलीच्या बापाने ते न लाजता मागावे, आणि हे सगळे साखरपुड्याआधी व्हावे. ज्याच्या मनात खोट नाही त्याला याचा राग यायचे कारण नाही.

आणि एक शेवटची गोष्ट, मुलींच्या अम्मींसाठी. व्हिसा येईपर्यंत मुलीला घरात बसवून ठेवू नका. तिला शिकू द्या, कमवू द्या. व्हिसा आला तर हे शिक्षण तिच्यासोबत जाईल. नाही आला तर तेच तिच्या हाताशी असेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलींचे संसार सुखाचे करो आणि आपल्याला वेळेवर विचारण्याची हिंमत देवो. आमीन.